वॉस्को काउंटी : जमीन, पाणी आणि मोजकी मते

अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक आली की लाल-निळ्या रंगांत रंगवलेला त्या देशाचा नकाशा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही छापून येतो. राज्यांच्या आत जे बारके तुकडे दिसतात, त्या काउंट्या. देशभरात त्या तीन हजारांहून जास्त आहेत. रस्ते, तुरुंग, मतदार याद्या, जमिनीच्या खरेदीखतांची नोंद, घर बांधण्याची परवानगी, मालमत्तेवरचा कर असा रोजच्या जगण्याचा बराचसा कारभार तिथून चालतो. नकाशातल्या रंगावरून यातले काहीच कळत नाही. काउंटी समजून घ्यायची तर एखादी निवडून तिथली जमीन, तिथली माणसे आणि तिथली सत्ता यांची सांगड कशी बसली आहे ते नीट पाहावे लागते.

त्यासाठी ऑरेगन राज्यातली वॉस्को काउंटी मी निवडली आहे. पुण्याशी तिचा थेट संबंध आला होता. १९८१ मध्ये कोरेगाव पार्कातला आश्रम सोडून रजनीश अमेरिकेला गेले आणि त्यांच्या शिष्यांनी रजनीशपुरम वसवले, ते याच काउंटीत. त्या प्रकरणाची आपल्याकडची चर्चा बहुधा रजनीश आणि त्यांच्या सचिव मा आनंद शीला यांच्याभोवतीच फिरते. ज्या काउंटीत हे घडले, तिची घडण बाजूला राहते. ती घडण कळल्याशिवाय त्या चार वर्षांत तिथे काय झाले आणि का झाले, याचा उलगडा होत नाही.

नदी, गहू आणि माळ

ऑरेगन हे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे राज्य. पॅसिफिक महासागरावरून येणारे ढग कॅस्केड पर्वतरांगेला अडतात आणि त्यांचे बहुतेक पाणी पश्चिमेलाच पडून जाते. माथ्याजवळ वर्षाला दोन हजार मिलिमीटरपर्यंत वर्षाव होतो. तिथून पूर्वेला उतरत गेले की काही तासांच्या प्रवासात तो साडेतीनशे मिलिमीटरवर येतो. सह्याद्री ओलांडून माण-खटावकडे उतरलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगायला नको. वॉस्को काउंटी कॅस्केडच्या याच पूर्व उतारावर आणि त्यापुढच्या पर्जन्यछायेत पसरली आहे.

उत्तरेची सीमा कोलंबिया नदीने आखली आहे. पलीकडे वॉशिंग्टन राज्य. पूर्वेची सीमा काही अंतर डेशूट्स नदीने, तर काही अंतर जॉन डे नदीने ठरवली आहे. या दोन्ही नद्यांनी लाव्हाच्या थरांत खोल दऱ्या कोरल्या आहेत, त्यामुळे नकाशावर शेजारी दिसणारी दोन ठिकाणे रस्त्याने बरीच लांब पडतात.

उत्तरेकडून दक्षिणेकडे निघालो तर काउंटीचे तीन पट्टे लागतात. पहिला कोलंबियाकाठचा. इथे द डॅल्स हे काउंटीचे मुख्य ठाणे आहे आणि त्याच्या भोवतीच्या उतारांवर चेरीच्या बागा आहेत. दुसरा पट्टा डुफर गावाच्या आसपासचा, गव्हाचा. इथला गहू पावसावर आणि वितळलेल्या बर्फावर होतो. जमिनीत ओल साठावी म्हणून शेतकरी एक वर्ष पेरतात आणि एक वर्ष रान पडीक ठेवतात. पीक तयार झाले की कोलंबियातून बार्जमधून ते बंदराकडे जाते आणि त्यातला बराच गहू आशियातल्या देशांत पोचतो. तिसरा पट्टा दक्षिणेचा, उजाड माळाचा. सेजब्रशची झुडपे, जुनिपरची विरळ झाडे आणि चरणारी गुरे. शानिको आणि अँटेलोप ही छोटी गावे याच भागात आहेत. १९०० मध्ये शानिकोपर्यंत रेल्वे आली तेव्हा ते लोकरीच्या व्यापाराचे मोठे केंद्र होते. २०२० च्या जनगणनेत तिथे ३० माणसे नोंदली गेली.

एवढ्या प्रदेशाला एकच काउंटी का, याचे उत्तर इतिहासात आहे. ११ जानेवारी १८५४ रोजी ती स्थापन झाली तेव्हा कॅस्केडपासून रॉकी पर्वतापर्यंतचा सगळा मुलूख तिच्यात मोडत होता. हे क्षेत्र सुमारे १,३०,००० चौरस मैलांचे, म्हणजे आजच्या महाराष्ट्राहून मोठे होते. अमेरिकेच्या इतिहासात एवढी मोठी काउंटी दुसरी झाली नाही. पुढे वस्ती वाढत गेली तशा तिच्यातून नव्या काउंट्या निघाल्या. आज तिच्याकडे सुमारे ६,२०० चौरस किलोमीटर उरले आहेत.

कोण राहते इथे

२०२० च्या जनगणनेनुसार वॉस्को काउंटीची लोकसंख्या २६,६७०. चौरस किलोमीटरमागे चार-पाच माणसे. त्यांतली १६,०१० एकट्या द डॅल्समध्ये राहतात. दहापैकी सहा माणसे नदीकाठच्या एका शहरात आणि उरलेली चार बाकीच्या साऱ्या मुलुखात, ही विभागणी लक्षात ठेवली की काउंटीच्या राजकारणाचा अर्धा भाग समजतो. शहरात रुग्णालय, दुकाने, सरकारी नोकऱ्या. दक्षिणेला गुरे राखणारी कुटुंबे, ज्यांना कचेरीत काम असले की शंभर किलोमीटरहून जास्त गाडी हाकावी लागते.

काउंटीची पाचव्या हिश्श्याच्या आसपास लोकसंख्या लॅटिनो आहे. त्यांतली बरीच कुटुंबे मूळची मेक्सिकोची आणि चेरीच्या बागांतल्या कामामुळे इथे आलेली. चेरीची तोडणी हाताने होते, ती थोड्या आठवड्यांत उरकावी लागते आणि तेवढ्या काळासाठी बाहेरूनही मजूर येतात.

या सगळ्यांच्या आधीपासून इथे राहणारे लोक म्हणजे वॉस्को आणि वॉर्म स्प्रिंग्ज जमाती. काउंटीचे नावच त्यांच्यापैकी एका जमातीचे आहे. कोलंबिया नदीवर सेलायलो नावाचे धबधबे होते. सॅमन मासे प्रवाहाविरुद्ध वर चढताना तिथे अडत आणि जमातींचे लोक खडकांवर उभारलेल्या लाकडी मचाणांवरून ते जाळ्यात पकडत. हजारो वर्षे हे मासेमारीचे आणि व्यापाराचे मोठे ठिकाण होते. १८५५ च्या तहाने जमातींनी आपली बहुतेक जमीन अमेरिकी सरकारला दिली, वॉर्म स्प्रिंग्जचा राखीव प्रदेश स्वतःकडे ठेवला आणि परंपरेने चालत आलेल्या जागी मासे धरण्याचा हक्क लिहून घेतला. पुढे पायूट जमातीचे लोकही त्या राखीव प्रदेशात आणले गेले. १० मार्च १९५७ रोजी द डॅल्स धरणाचे दरवाजे बंद झाले आणि काही तासांत सेलायलोचे धबधबे पाण्याखाली गेले. वीज आली, बोटींची वाहतूक सोपी झाली, ॲल्युमिनियमचा कारखाना आला. ज्यांचे मासेमारीचे ठिकाण बुडाले त्यांना पैशाच्या रूपात भरपाई मिळाली. हा सौदा बरोबरीचा नव्हता, असे माझे स्पष्ट मत आहे.

वॉर्म स्प्रिंग्जचा राखीव प्रदेश मुख्यतः वॉस्को आणि शेजारच्या जेफर्सन काउंटीत पसरला आहे. त्याचा कारभार जमातींचे स्वतःचे सरकार पाहते. नकाशावर तो काउंटीत दिसतो, पण तिथल्या जमिनीवर काय बांधायचे हे काउंटी ठरवू शकत नाही. पश्चिमेच्या डोंगरातले राष्ट्रीय वन केंद्र सरकारच्या हातात आहे. म्हणजे काउंटीच्या हद्दीतली बरीच जमीन काउंटीच्या अधिकाराबाहेर आहे. उरलेल्या जमिनीवरून म्हणूनच तिथे एवढी ओढाताण होते.

तिघांचे सरकार

आपल्याकडे जिल्हाधिकारी वरून नेमला जातो. वॉस्को काउंटीत वरून नेमलेला असा मुख्य अधिकारी नाही. कारभाराच्या मुळाशी तीन निवडून आलेले कमिशनर आहेत. अंदाजपत्रक, रस्ते, जमीन वापराचे नियम, बांधकामाच्या परवानग्यांवरची अपिले हे सारे त्यांच्याकडे. १९८० च्या दशकात या मंडळाला काउंटी कोर्ट म्हणत. एक काउंटी जज आणि दोन कमिशनर अशी त्याची रचना होती. नावात कोर्ट असले तरी त्याचे मुख्य काम प्रशासनाचेच होते.

यांच्या जोडीला शेरीफ, कर आकारणीसाठी असेसर आणि काउंटी क्लार्क हे अधिकारीही मतदारच निवडतात. क्लार्कचे पद आपल्याला किरकोळ वाटेल, पण मतदार नोंदणी, निवडणूक घेणे, मतमोजणी आणि जमिनीच्या दस्तऐवजांची नोंद हे सगळे याच पदाकडे असते. २००० पासून ऑरेगनमधल्या सार्वत्रिक निवडणुका पूर्णपणे टपालाने होतात. मतपत्रिका घरी येते आणि भरून परत पाठवायची असते. अँटेलोपच्या माळावर राहणाऱ्या शेतकऱ्याला याचा किती उपयोग, हे वेगळे सांगायला नको.

पैशाची बाजू तंग आहे. ऑरेगनमध्ये विक्रीकर नाही. स्थानिक सरकारांचा मुख्य आधार मालमत्ता कर. तोही १९९० आणि १९९७ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या दुरुस्त्यांनी बांधून टाकला आहे. एखाद्या मालमत्तेचे करपात्र मूल्य सर्वसाधारणपणे वर्षाला तीन टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. त्यामुळे एखादा मोठा उद्योग येणार म्हटले की काउंटी आणि शहर दोघांचेही कान टवकारतात.

तीन जागांच्या मंडळात दोन मते म्हणजे बहुमत. तेव्हाच्या सुमारे बावीस हजार लोकसंख्येच्या काउंटीत ती दोन मते कोणाच्या हातात असावीत, या प्रश्नाने १९८४ मध्ये भयंकर वळण घेतले.

शेतजमिनीचा कायदा

त्या वळणाकडे जाण्याआधी ऑरेगनचा एक कायदा समजून घ्यायला हवा. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम ऑरेगनमध्ये शहरे शेतांवर पसरू लागली. गव्हर्नर टॉम मॅकॉल यांनी या पसरण्याविरुद्ध मोहीमच उघडली आणि १९७३ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने जमीन वापराचा कायदा संमत केला. त्यानुसार प्रत्येक शहराला आणि काउंटीला राज्याने ठरवलेल्या उद्दिष्टांत बसणारा विकास आराखडा करणे बंधनकारक झाले. शेतजमीन शेतीसाठी राखायची आणि शहरी वस्ती शहराच्या आखलेल्या हद्दीत ठेवायची, ही त्यांतली दोन कळीची उद्दिष्टे.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की शेतीसाठी राखलेल्या जमिनीवर मालकाला हवे ते बांधता येत नाही. शेतीच्या कामाला लागणारी घरे चालतात. छापखाना, हॉटेल, दुकानांची रांग चालत नाही. अशा गोष्टी शहरात करायच्या. कायद्यावर पहारा ठेवण्यासाठी ‘१००० फ्रेंड्स ऑफ ऑरेगन’ ही नागरिकांची संस्था १९७५ मध्ये उभी राहिली. राज्यात कुठेही नियम मोडला जातो आहे असे वाटले की ती न्यायालयात जाते.

कायदा मुख्यतः पोर्टलंड या राज्यातल्या सर्वांत मोठ्या शहराच्या आसपासची सुपीक जमीन वाचवण्यासाठी झाला होता. त्याची सर्वांत मोठी कसोटी लागली ती कोणालाही फारशी नको असलेल्या माळावर.

रँचचे शहर होते

जुलै १९८१ मध्ये रजनीशांच्या अनुयायांनी वॉस्को आणि जेफर्सन काउंटीत पसरलेले बिग मडी रँच विकत घेतले. क्षेत्र ६४ हजार एकरांहून जास्त, किंमत ५७.५ लाख डॉलर. अतिचराईने झिजलेली, जॉन डे नदीकडे उतरत जाणारी ही जमीन अँटेलोपपासून सुमारे तीस किलोमीटरवर होती. ऑगस्टअखेर रजनीश तिथे राहायला आले. अनुयायांनी झाडे लावली, ओढे अडवले, धरण बांधले, भाजीपाला आणि दुभती जनावरे वाढवली. जमीन सुधारण्याचे त्यांचे काम खरे होते आणि ते मान्य केले पाहिजे. हिंदी चित्रपटांत यशाच्या शिखरावर असताना काम थांबवून आलेले विनोद खन्नाही तिथे बागकाम करत होते.

पण हजारो माणसांची वस्ती, प्रकाशनाचा व्यवसाय, हॉटेल आणि बाजारपेठ शेतजमिनीच्या नियमांत बसत नव्हती. त्यावर एक कायदेशीर वाट होती. त्या जागेलाच शहर म्हणून मान्यता मिळवायची. शहर झाले की बांधकामाच्या परवानग्या शहर स्वतः देणार, स्वतःचे पोलीस दल ठेवणार. ऑरेगनच्या कायद्यानुसार शहर स्थापन करायला किमान १५० रहिवासी लागत. अर्ज काउंटी कोर्टापुढे आला आणि नोव्हेंबर १९८१ मध्ये तिघांपैकी दोघांनी अनुकूल मत दिले. मे १९८२ मध्ये तिथल्या रहिवाशांनी मतदान केले : बाजूने १५४, विरुद्ध शून्य. रजनीशपुरम शहर अस्तित्वात आले. ‘१००० फ्रेंड्स’ ने या मंजुरीला आव्हान दिले आणि वर्षानुवर्षे चालणारी कायदेशीर लढाई सुरू झाली.

शहराचे भवितव्य अधांतरी असल्याने अनुयायांनी आधीपासून शहर असलेल्या अँटेलोपकडे मोर्चा वळवला. तिथे जेमतेम चाळीस-पन्नास माणसे राहत, बरीचशी निवृत्त. घरे विकत घेतली गेली, नवे रहिवासी मतदार झाले. गाव हातातून जाणार हे दिसताच जुन्या गावकऱ्यांनी एप्रिल १९८२ मध्ये शहराचा दर्जाच रद्द करण्याचा ठराव मतदानाला टाकला. तोवर नवे मतदार संख्येने पुढे गेले होते, ठराव पडला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नगर परिषदेवर अनुयायांचे बहुमत आले. १९८४ मध्ये गावाचे नावही बदलून रजनीश करण्यात आले.

यात कोणत्याही मतपेटीत गडबड नव्हती. कायद्याने दिलेला मतदानाचा हक्क लोकांनी वापरला होता. छोट्या काउंटीतल्या लोकशाहीची ही नाजूक बाजू आहे. जिथे शंभर मतांनी गाव चालते, तिथे संघटित शंभर माणसे आली की गावाचे सरकार बदलते. जुन्या रहिवाशांचा संताप मला समजतो. पण त्या संतापाला वंशद्वेषाचा आणि परधर्मद्वेषाचा रंग चढला होता, हेही नोंदवले पाहिजे. रजनीशांच्या चेहऱ्यावर बंदुकीचा नेम धरलेली चित्रे छापून विकली जात होती.

१९८४ ची निवडणूक

काउंटी कोर्टातल्या तीनपैकी दोन जागांसाठी नोव्हेंबर १९८४ मध्ये निवडणूक होती. परवानग्या, दंड, आराखडे या सगळ्यांवर काउंटीशी झगडा चालू असल्याने शीला आणि त्यांच्या जवळच्या मंडळींनी या दोन जागा जिंकायचे ठरवले. रजनीशपुरममधल्या मतदारांची संख्या त्यासाठी पुरेशी नव्हती. अनुयायांपैकी कितीतरी परदेशी नागरिक होते आणि त्यांना मतच नव्हते.

मग दोन मार्ग निघाले. पहिला, मतदार वाढवण्याचा. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांतून हजारो बेघर माणसांना बसमध्ये बसवून रजनीशपुरमला आणले गेले. अन्न, निवारा आणि सन्मान देणारी योजना म्हणून ती जाहीर केली होती. ऑरेगनमध्ये तेव्हा वास्तव्याची अट थोड्याच दिवसांची होती आणि मतदानाच्या दिवसापर्यंत नाव नोंदवता येत असे. दुसरा मार्ग होता विरोधी मतदारांना मतदानाच्या दिवशी घरी बसवण्याचा, तोही आजारी पाडून. त्याची चाचणी म्हणून सप्टेंबर आणि ऑक्टोबर १९८४ मध्ये द डॅल्समधल्या दहा उपाहारगृहांत सॅलडवर आणि इतर पदार्थांवर साल्मोनेला जिवाणूंचे द्रावण टाकण्यात आले. ७५१ माणसे आजारी पडली, ४५ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. सुदैवाने कोणी दगावले नाही. त्याआधी ऑगस्टमध्ये रजनीशपुरमला भेट देणाऱ्या काउंटी जजला आणि एका कमिशनरला दूषित पाणी पाजले गेले होते.

पहिला मार्ग अडवला काउंटी क्लार्कने. ऑक्टोबरमध्ये क्लार्कने नव्या नोंदणीचे सर्व अर्ज रोखले आणि प्रत्येक अर्जदाराने सुनावणीला हजर राहून आपण इथले रहिवासी असल्याचे दाखवावे असे ठरवले. राज्याच्या निवडणूक यंत्रणेच्या प्रमुख नॉर्मा पॉलस यांनी त्याला पाठबळ दिले आणि आव्हान दिल्यावर न्यायालयानेही तो निर्णय थांबवला नाही. यात काउंटीतल्या खऱ्याखुऱ्या नव्या मतदारांनाही हेलपाटा पडला. असा अधिकार चुकीच्या हातात गेला तर त्यातून कोणाचाही हक्क हिरावता येतो, म्हणून तो वापरण्याजोगा प्रसंग क्वचितच येतो. हा तसा प्रसंग होता असे मला वाटते, कारण नियम सर्वांना सारखा लागू केला होता आणि त्यावर दाद मागायला न्यायालय उघडे होते. डाव फसल्यावर रजनीशपुरमने काउंटीच्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला. आणलेल्या बेघर माणसांपैकी बहुतेकांना पुढच्या आठवड्यांत आणि महिन्यांत बाहेर पडावे लागले. पोर्टलंडसारख्या शहरांत त्यांना परत पाठवण्याचा भार धर्मादाय संस्थांवर पडला. या साऱ्या प्रकरणात सर्वांत कमी आठवण काढली जाते ती या माणसांची.

तपास आणि निवाडा

विषबाधेचा उलगडा लगेच झाला नाही. उपाहारगृहांतल्या कर्मचाऱ्यांची अस्वच्छता हे कारण असावे, असा सरकारी आरोग्य तपासनिसांचा पहिला निष्कर्ष होता. ऑरेगनचे खासदार जिम वीव्हर यांनी फेब्रुवारी १९८५ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात उघडपणे शंका व्यक्त केली, तरी ती फारशी मनावर घेतली गेली नाही. त्याआधी जानेवारीत काउंटीच्या नियोजन कचेरीला आग लावण्यात आली होती. जमीन वापराचे दप्तर जिथे ठेवले होते तीच ही कचेरी. सप्टेंबर १९८५ मध्ये शीला आणि काही सहकारी देश सोडून गेले, रजनीशांनी स्वतःच पत्रकारांपुढे त्यांच्यावर आरोप केले आणि तपासाला वाट मिळाली. रजनीशपुरमच्या प्रयोगशाळेत त्याच प्रकारचे जिवाणू सापडले. १९८६ मध्ये शीला आणि त्यांच्या सहकारी मा आनंद पूजा यांना शिक्षा झाल्या. रजनीशांवर इमिग्रेशन कायद्याच्या उल्लंघनाचे आरोप होते. नोव्हेंबर १९८५ मध्ये तडजोड होऊन त्यांना चार लाख डॉलर भरून देश सोडावा लागला. १९८७ मध्ये ते पुण्याला परतले आणि १९ जानेवारी १९९० रोजी तिथेच त्यांचे निधन झाले.

शहराचे काय झाले? ऑरेगनचे ॲटर्नी जनरल डेव्ह फ्रॉनमायर यांनी १९८३ मध्येच एक मूलभूत मुद्दा मांडला होता. ज्या शहराची जमीन आणि सत्ता एकाच धार्मिक संघटनेच्या हातात आहे, ते शहर राज्यघटनेतल्या धर्म आणि शासन यांच्या विभक्ततेत बसत नाही. या मुद्द्यावर शहराचा कायदेशीर पाया ढासळला. नोंदवण्यासारखी गोष्ट अशी, की जमीन वापराच्या खटल्यात ऑरेगनच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ मधला अखेरचा निकाल शहर स्थापनेच्या बाजूने लागला. तोवर तिथे शहर उरले नव्हते. अँटेलोपच्या मतदारांनी नोव्हेंबर १९८५ मध्येच जुने नाव परत घेतले होते, ३४ विरुद्ध शून्य मतांनी. आणि १९८६ मध्ये ऑरेगनच्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून मतदार नोंदणी मतदानाच्या २० दिवस आधी बंद करण्याचे ठरवले. एका माळावरच्या काउंटीतल्या घटनेने साऱ्या राज्याचा निवडणूक नियम बदलला. रँच पुढे एका ख्रिस्ती युवक संस्थेकडे गेले आणि आज तिथे मुलांची शिबिरे भरतात.

आजची काउंटी

रजनीशपुरम गेले तरी जमीन आणि पाणी कोणाच्या कामी यावे हा वाद काउंटीत चालूच आहे. १९८६ मध्येच अमेरिकेच्या काँग्रेसने कोलंबियाच्या खोऱ्यातला डोंगरदऱ्यांचा भाग निसर्गसौंदर्यासाठी संरक्षित केला. त्यामुळे वॉस्कोच्या उत्तरेच्या पट्ट्यात घर बांधताना राज्याबरोबरच या कायद्याचेही नियम लागू होतात. द डॅल्स शहराची हद्द त्यातून वगळली आहे, म्हणून उद्योगाचा भार मुख्यतः त्या एका शहरावर येतो.

२००६ मध्ये गूगलने द डॅल्समध्ये डेटा सेंटर सुरू केले. कोलंबियावरच्या धरणांची स्वस्त वीज, थंडाव्यासाठी पाणी आणि करसवलत ही तीन कारणे त्यामागे होती. ॲल्युमिनियमचा कारखाना बंद पडल्यानंतरच्या काळात शहराला हा मोठा आधार वाटला. पण कंपनी किती पाणी वापरते हे सांगायला शहराने नकार दिला. एका वर्तमानपत्राने माहिती मागितली तेव्हा शहर प्रशासन न्यायालयात गेले. डिसेंबर २०२२ मध्ये तडजोड होऊन आकडे बाहेर आले : २०२१ मध्ये सुमारे साडेपस्तीस कोटी गॅलन, शहराच्या एकूण वापराच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. कोरड्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसांना हा आकडा आपल्याच शहराकडून इतक्या कष्टाने मिळवावा लागला, हे योग्य झाले नाही.

पक्षीय राजकारणात वॉस्को काठावरची काउंटी आहे. २००८ मध्ये तिने बराक ओबामांना कौल दिला, २०१६ पासूनच्या निवडणुकांत डोनाल्ड ट्रम्प यांना. शेजारच्या शर्मन, जेफर्सन आणि व्हीलर काउंट्यांतल्या मतदारांनी पोर्टलंडच्या वर्चस्वाला कंटाळून आयडाहो राज्यात जाण्याच्या चर्चेला पाठिंबा देणारे ठरावही मंजूर केले आहेत. वॉस्कोत शहर आणि माळ, बागाईतदार आणि गहू पिकवणारे, जुने रहिवासी आणि नवे मजूर एकाच मतदार यादीत आहेत. त्यामुळे तिथला कौल दोन्ही बाजूंना झुकू शकतो.

वॉस्को काउंटीचा इतिहास पाहिल्यावर माझा निष्कर्ष असा आहे. १९८४ मध्ये तिथली लोकशाही संतापाने वाचवली नाही, बंदुकीनेही नाही. नोंदवही सांभाळणारी क्लार्क, नियमावर बोट ठेवणारे वकील आणि दाद ऐकणारी न्यायालये यांनी ती वाचवली. आणि जिथे सरकारने पुरेसा संशय घेतला नाही, तिथे ७५१ माणसांनी त्याची किंमत मोजली. म्हणून अमेरिकेच्या निवडणुकीचा रंगीत नकाशा पुढच्या वेळी पाहाल, तेव्हा एखादी काउंटी निवडा आणि तिथली जमीन कोणाच्या अधिकारात आहे, पाणी कोणाला जाते आणि मतदार यादी कोण सांभाळते, एवढे शोधून पाहा. तिथल्या राजकारणाबद्दल रंगापेक्षा या उत्तरांतून कितीतरी जास्त कळेल.